वाढते वय : एक कमाई

जवळचे वाचण्यासाठी लागणाऱ्या चष्म्याला मराठी भाषेने मोठे नेमके नाव दिले आहे. त्याला आपण 'चाळिशी' म्हणतो. वयाचे आणि वस्तूचे नाव एकच. मला ही चाळिशी लागली ती बँकेच्या काउंटरवर. पेन्शन घ्यायला आलेल्या एका आजींची पैसे काढण्याची स्लिप मी हात लांब करून वाचीत होते. आजी थोडा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, डोळं गेलं का हात आखूड पडला?" रांगेतील सगळी माणसे हसली. मीही हसले. पण घरी जाताना मनात काहीतरी खटकत राहिले. आजींचे वय बहात्तर, माझे त्रेचाळीस. गेली कित्येक वर्षे दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांच्यासारख्या शेकडो वृद्धांना पैसे मोजून देत होते. परंतु आपणही त्याच रांगेत, थोड्या मागे, उभ्या आहोत असे मला कधी वाटलेच नव्हते.

सिद्धार्थ गौतमांच्या गृहत्यागाविषयी परंपरेने सांगितलेली कथा आपणां सर्वांना ठाऊक आहे. म्हातारा, रोगी आणि मृत माणूस पाहून त्यांना वैराग्य आले, अशी ती कथा. परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रारंभीच ही कथा नाकारली आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसाने त्यापूर्वी म्हातारा, आजारी किंवा मेलेला माणूस पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटणारे नाही, असा त्यांचा रोखठोक सवाल आहे. त्याऐवजी शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याचे कारण त्यांनी मांडले. बाबासाहेबांचा हा सवाल आपल्या विषयाच्या दृष्टीनेही फार मोलाचा आहे. म्हातारे माणूस सर्वांनीच पाहिलेले असते. प्रश्न पाहण्याचा नसून ते स्वतःला लावून घेण्याचा आहे. अंगुत्तर निकायात तथागतांनी तीन प्रकारचे मद सांगितले आहेत: यौवनाचा मद, आरोग्याचा मद आणि जीविताचा मद. स्वतः वृद्ध होणारा माणूस दुसऱ्याचे वार्धक्य पाहून नाक मुरडतो आणि स्वतःला विसरतो, असा त्याचा आशय. पंचशीलातील पाचवे शील आपण विहारात मोठ्या आवाजात म्हणतो आणि दारूचा निषेध करतो, ते योग्यच आहे. पण या तीन मदांची बाटली आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असते आणि तिच्यावर कोणी बोट ठेवत नाही.

आधी चाळिशीचाच उलगडा करू, कारण पुढचे सगळे त्यावरून समजायला सोपे जाते. डोळ्यातील भिंग लहानपणी लवचीक असते. जवळचे पाहताना आतील लहानसे स्नायू त्याला फुगवतात, दूरचे पाहताना ते पुन्हा चपटे होते. वय वाढते तसे हे भिंग कडक होत जाते आणि चाळिशीच्या आसपास ते पुरेसे फुगेनासे होते. मग आपण पेपर लांब धरतो. हा रोग नव्हे. सर्वांचेच असे होते. उपाय साधा आहे, तपासून घेतलेला चष्मा. तरीसुद्धा माझ्या ओळखीत असे कितीतरी लोक आहेत की जे पाच-पाच वर्षे चष्मा लावीत नाहीत. "लोक म्हातारा म्हणतील" हे कारण. एवढ्यासाठी ते बँकेत न वाचता सह्या करतात! कर्जाच्या कागदावर न वाचता केलेली सही केवढ्याला पडते ते मी येथे सांगत बसत नाही.

डोळ्यांचे कळते तरी. रक्तदाबाचे आणि साखरेचे कळत नाही. या दोन गोष्टी दुखत नाहीत, हीच त्यांची खोड. रक्तदाब १२०/८० च्या आत असावा. तो वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक भरू लागला की त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. उपाशीपोटी रक्तातील साखर १०० च्या आत हवी; १०० ते १२५ ही धोक्याची सूचना आणि १२६ च्या पुढे, पुन्हा तपासूनही तसेच आले तर, मधुमेह. पोटाचा घेर भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की हे दोन्ही पाहुणे दाराशी आले असे समजावे. माणूस चालतो-बोलतो, कामावर जातो, लग्नात जेवतो, आणि आत रक्तवाहिन्या, मूत्रपिंड, डोळ्यांचे पडदे हळूहळू खराब होत असतात. एके दिवशी अर्धांगवायूचा झटका येतो आणि लोक म्हणतात, "काल तर चांगले होते." काल चांगले नव्हते. काल कोणी मोजलेले नव्हते.

हे मी इतक्या तावातावाने का लिहिते आहे, ते सांगणे भाग आहे. माझ्या आईने १९७२ च्या दुष्काळात विसाव्या वर्षी दुष्काळी कामावर खडी फोडली. पुढे आयुष्यभर लोकांच्या शेतात राबून तिने आम्हा तीन भावंडांना शिकवले. चाळिसाव्या वर्षी ती वस्तीतल्या साक्षरता वर्गात जाऊ लागली आणि तिथे स्वतःचे नाव लिहायला शिकली. अंगठा सोडून पहिली सही केली त्या दिवशी तिने आम्हांला गोड भात करून घातला. त्यानंतरच्या वर्षांत तिचे डोके वारंवार दुखायचे. ती लुगड्याच्या चिंधीने कपाळ घट्ट आवळायची, चिमूटभर मिश्री लावायची आणि कामाला जायची. दवाखान्यात चल म्हटले की म्हणायची, "मला काय धाड भरलीय?" मी तेव्हा बँकेत लागलेली, पदवीधर, चार पुस्तके वाचलेली मुलगी. मीही फार आग्रह केला नाही. २००६ साली, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, चुलीपुढे बसल्या बसल्या ती कलंडली आणि तिसऱ्या दिवशी गेली. तिचा रक्तदाब त्या आधी कधीच, एकदाही, मोजला गेलेला नव्हता. आज मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. आईच्या वयाला पोहोचायला मला सात वर्षे उरली आहेत.

पुष्कळांना वय वाढल्याचे दुःख होते. पांढरा केस दिसला की आरसा वाईट वाटतो. मला आता तसे वाटत नाही. वय वाढणे ही आपल्या समाजाला फुकट मिळालेली गोष्ट नव्हे. १९४१ ते १९५१ या दशकात भारतात सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. याचा अर्थ सगळे बत्तिसाव्या वर्षी मरत असा नव्हे. लहान मुले फार दगावत, त्यामुळे सरासरी खाली येई. २०१६-२० च्या आकडेवारीनुसार हे आयुर्मान ७० वर्षे झाले. लस, स्वच्छ पाणी, रेशनचे धान्य, सरकारी दवाखाना, शाळा यांनी हे घडवले. परंतु सरासरीच्या पोटात काय दडले आहे तेही पाहिले पाहिजे. भारतातील नऊ राज्यांच्या माहितीवरून केलेला एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात दलितांचे आयुर्मान उच्चवर्णीय हिंदूंपेक्षा तीन वर्षांहून अधिक आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी आढळले. केवळ गरिबी हे त्याचे पूर्ण कारण नाही, असेही त्यात दिसून आले. महाराष्ट्र त्या नऊ राज्यांत नव्हता, म्हणून आपण निश्चिंत व्हावे असे मला वाटत नाही. जातीची मोजमापे गावकुसाबाहेरच संपत नाहीत, ती शरीराच्या आत जाऊन पोहोचतात.

माता रमाईंचे उदाहरण घ्या. त्यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ चा आणि निधन २७ मे १९३५ चे. म्हणजे अवघे सदतीस वर्षांचे आयुष्य. पाच अपत्यांपैकी चार त्यांनी मातीआड होताना पाहिली. बाबासाहेब परदेशी शिकत असताना त्यांनी हालअपेष्टांत संसार रेटला. आपल्या घराघरांत त्यांची तसबीर आहे. त्या तसबिरीतील रमाई आपल्याला वडीलधाऱ्या, पोक्त वाटतात. परंतु आज विहारात तसबिरीपुढे मेणबत्ती लावणाऱ्या बहुतेक भगिनी वयाने त्यांच्याहून मोठ्या आहेत! रमाईंना चाळिशी लागलीच नाही. पहिल्यांदा हा हिशेब माझ्या ध्यानात आला, त्या दिवसापासून माझ्या चष्म्याची मला लाज वाटेनाशी झाली.

आता कृतज्ञतेविषयी. हा शब्द हल्ली भेटकार्डांवर फार दिसतो आणि त्यामुळे थोडा गुळगुळीत झाला आहे. पालीमध्ये त्यासाठी जोडशब्द आहे, 'कतञ्ञू-कतवेदी'. कतञ्ञू म्हणजे आपल्यासाठी जे केले गेले ते जाणणारा. कतवेदी म्हणजे ती जाणीव वागण्यातून प्रकट करणारा. जगात दोन माणसे दुर्मीळ आहेत, आधी उपकार करणारा आणि केलेला उपकार जाणून तो फेडू पाहणारा, असे तथागतांनी सांगितले आहे. आईवडिलांना शंभर वर्षे दोन खांद्यांवर वाहिले तरी त्यांचे ऋण फिटत नाही, हीसुद्धा अंगुत्तर निकायातलीच शिकवण. मनात आभार मानून पहिला अर्धा शब्द पुरा होतो. दुसऱ्या अर्ध्यासाठी काही करावे लागते. ज्यांनी आपले शरीर झिजवून आपल्याला हे वय मिळवून दिले, त्यांनी दिलेल्या शरीराची हेळसांड करणे ही माझ्या मते सरळसरळ कृतघ्नता आहे. आईच्या तसबिरीला हार घालून मी वर्षानुवर्षे स्वतःचा रक्तदाब तपासला नव्हता. तेव्हा मी कतञ्ञू असेन, कतवेदी नव्हते.

काही बांधव म्हणतील, धम्म हा मनाचा मार्ग, त्यात पोटाचा घेर कशाला? त्यांच्यासाठी संयुत्त निकायातील कोसलनरेश प्रसेनजिताची गोष्ट सांगते. ही गोष्ट मला इतकी आवडते की आमच्या घरी जेवताना ती निघाल्यावाचून राहत नाही. प्रसेनजित राजा एका वेळी द्रोणभर, म्हणजे मोठ्या मापाने, भात खात असे. एकदा असाच आकंठ जेवून, धापा टाकीत तो तथागतांकडे आला आणि बसला. तथागतांनी त्याला नरकाची भीती घातली नाही की उपास सांगितला नाही. ज्याला जेवणाचे प्रमाण कळते त्याचे त्रास कमी होतात, त्याला म्हातारपण सावकाश येते आणि आयुष्य राखले जाते, एवढ्या अर्थाची एक गाथा ते बोलले. राजाच्या मागे सुदर्शन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करायला लावली आणि आपण जेवायला बसलो की ती म्हणायची, असे काम दिले. या कामाचे वेतन दर जेवणाला शंभर कार्षापण! राजा हळूहळू कमी करीत द्रोणावरून नाळीभर भातावर आला. पुढे अंग सडपातळ झाल्यावर स्वतःच्या शरीरावरून हात फिरवीत त्याने तथागतांचे आभार मानले.

या कथेत मला तीन गोष्टी दिसतात. राजाला ज्ञान होते, पण ते ताटावर बसल्यावर आठवत नव्हते. म्हणून त्याने आठवण करून देणारा माणूस ठेवला. दुसरे म्हणजे त्याने एका दिवसात सोडले नाही, हळूहळू सोडले. आणि तिसरे, त्याने त्या आठवणीची किंमत मोजली. आपल्या घरात फुकट आठवण करून देणारी माणसे असतात, बायको, नवरा, मुलगी. पण त्यांनी "मीठ कमी घ्या" म्हटले की आपण डोळे वटारतो. सुदर्शनाला शंभर कार्षापण मिळत, आमच्या मुलीला शिव्या मिळत. आता मिळत नाहीत.

आपल्या जेवणाकडे या दृष्टीने पाहू. भाकरी, पालेभाजी, डाळ, हरभरा, अंडी, मासळी हे आपले मूळ अन्न उत्तम आहे. घात होतो तो मीठ, साखर आणि तंबाखू यांनी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसभरात सगळे मिळून पाच ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा मीठ पुरे. सुकट, खारा बोंबील, पापड, लोणचे, ठेचा, फरसाण यांतून ते दुपारच्या आतच संपते. सुकट सोडा असे मी म्हणणार नाही, मीही सोडलेली नाही. पण सुकट ज्या दिवशी त्या दिवशी लोणचे-पापड नको आणि वरून मीठ नको, एवढे जमते. साखरेचा हिशेब मी बँकेच्या सवयीने केला. दिवसात सहा कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, चमच्याला पाच ग्रॅम धरले तरी साठ ग्रॅम झाली. आणि वरून घेतलेली साखर साधारण पन्नास ग्रॅमच्या आत असावी असे सांगतात. म्हणजे बिस्कीट न खाताच मी रोज 'ओव्हरड्राफ्ट'मध्ये होते. आता दोन कप आणि अर्धा चमचा. पहिले पंधरा दिवस चहा औषधासारखा लागला, हे कबूल करते.

मिश्रीबद्दल स्पष्ट लिहायला हवे. आपल्या अनेक माता-भगिनी ती दात घासण्याच्या नावाखाली दिवसातून चार-पाच वेळा लावतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तोंडाच्या कर्करोगाचे ते ठरलेले कारण आहे. पुरुष गुटखा खातात तेव्हा आपण त्यांना बोलतो. आईच्या डबीबद्दल मात्र कोणी बोलत नाही. पाचव्या शिलात तंबाखूचे नाव नाही, असा वाद एका बुजुर्ग उपासकांनी माझ्याशी घातला होता. नाव नसेल, पण ज्या सवयीपुढे माणसाची इच्छा चालत नाही ती कोणत्या खान्यात टाकायची?

भगिनींच्या संदर्भात आणखी एक. साधारण पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान पाळी बंद होते. अंगातून वाफा निघणे, झोप उडणे, चिडचिड होणे, विनाकारण रडू येणे हे त्या काळात अनेकींना होते. घरातले म्हणतात, "हिचे डोके फिरले." डोके फिरलेले नसते, शरीरातील एक संप्रेरक कमी झालेले असते. त्यानंतर हाडे लवकर ठिसूळ होतात आणि तोवर स्त्रियांना हृदयविकारापासून असलेले संरक्षणही ओसरते. म्हणून याच वर्षांत चालणे, थोडे वजन उचलणे, दूध-नाचणी-तीळ, आणि तपासणी महत्त्वाची. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा थोडासाही रक्तस्राव झाला तर लाजू नये, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी रक्तदाब, साखर, तोंडाचा कर्करोग, आणि स्त्रियांसाठी स्तन व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत करण्याची योजना आहे. आपण त्या दाराने जात नाही. मुलीच्या लग्नासाठी दोन लाखांचे कर्ज मागायला आलेल्या पन्नाशीच्या माणसाला मी एकदा विचारले होते, "काका, साखर तपासली का कधी?" ते म्हणाले, "बाई, तुम्ही कर्जाचं बोला."

व्यायामाचे थोडक्यात सांगते. आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालावे. शेतात, बांधकामावर राबणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. आम्हां खुर्चीवर बसणाऱ्यांना मात्र सांगावे लागते, कारण तिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात आणि न वापरले तर फारच लवकर घटतात. तथागत तर पस्तिसाव्या वर्षी संबोधी प्राप्त झाल्यावर पंचेचाळीस वर्षे पायी फिरले!

आता विद्यार्थी मित्रांशी दोन शब्द, कारण ही स्मरणिका तेही वाचतात. चौदा एप्रिलच्या निमित्ताने ठिकठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत, त्याचे हे स्मरण. उपक्रम चांगला आहे. मी स्वतः त्यात बसले आहे. पण त्या अठरा तासांची दुसरी बाजू आपण मुलांना सांगत नाही. बाबासाहेबांना मधुमेह जडला, पायांतील वेदनांनी त्यांना रात्र-रात्र झोप येत नसे, दृष्टी अधू होत गेली. वयाच्या पासष्टाव्या वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेनंतर दोन महिनेही पुरे झाले नसताना, ते आपल्यातून गेले. त्यांच्यापुढे काळच तसा होता. एका माणसाला शतकांचे काम करायचे होते. त्यांनी शरीर जाळले ते आपल्याला जाळावे लागू नये म्हणून. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'साठी त्यांनी १९५६ साली लिहिलेली एक प्रस्तावना आहे. १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत ती छापली गेली नव्हती. तिच्यात आपल्या दीर्घ आजाराचा उल्लेख करून, आपली विझू लागलेली ज्योत पुन्हा तेवती केल्याबद्दल आणि त्यामुळेच हा ग्रंथ पुरा करता आल्याबद्दल त्यांनी पत्नी सविताबाई आणि डॉ. मालवणकर यांचे मनापासून आभार मानले आहेत. त्या काळाविषयी समाजात पुष्कळ वाद झाले, त्यात मला शिरायचे नाही. मला एवढेच दिसते की आपल्या हाती असलेला धम्मग्रंथ एका आजारी माणसाने औषधोपचार घेत, वेळ ओढून आणून पुरा केला. आणि त्या उपचारांचे ऋण त्याने लिहून ठेवले. तेव्हा अठरा तास वाचा, पण बाकीच्या दिवशी सात तास झोपा. आणि घरी गेल्यावर आईवडिलांना विचारा, शेवटचा रक्तदाब कधी मोजला.

या वयात नवीन काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांना शांताबाई कांबळे यांचे नाव सांगावेसे वाटते. त्या शिक्षिका होत्या. 'माझ्या जल्माची चित्तरकथा' हे आत्मकथन त्यांनी नोकरीतून निवृत्त झाल्यावर लिहिले. ते १९८६ साली पुस्तकरूपाने आले. त्याच वर्षी फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आले. त्या तर दुकान सांभाळता सांभाळता लिहीत. शांताबाई २०२३ साली, शंभरीच्या उंबरठ्यावर असताना गेल्या. माझ्या आईने चाळिसाव्या वर्षी पाटी धरली हे मी वर सांगितलेच. चाळिशीनंतर डोके चालत नाही ही समजूत खोटी आहे. वेळ मिळत नाही, ही तक्रार मात्र खरी आहे, विशेषतः ज्यांच्या एका हाताला मुलांचे शिक्षण आणि दुसऱ्या हाताला वृद्ध सासू-सासरे आहेत त्यांची. अशा वेळी घरातल्या कामाची वाटणी झाल्याशिवाय आरोग्याचा उपदेश हा नुसता उपदेशच राहतो. भगिनींनी पहाटे फिरायला जावे असे सांगणाऱ्या वक्त्यांनी त्या वेळेचा डबा कोण करणार तेही सांगावे.

काळजी घेऊनही म्हातारपण येणारच, हे विसरता कामा नये. संयुत्त निकायात एक छोटेसे सुत्त आहे. श्रावस्तीला पूर्वारामात संध्याकाळच्या उन्हात तथागत पाठ शेकत बसले आहेत. आनंद त्यांचे अंग चेपताना म्हणतो, भगवंतांची कांती आता पूर्वीसारखी राहिली नाही, अंगावर सुरकुत्या पडल्या, शरीर पुढे वाकले. तथागत रागावत नाहीत की तत्त्वज्ञानाचा पडदाही ओढत नाहीत. असेच असते आनंदा, तारुण्यात वार्धक्य असतेच, असे ते सांगतात. सम्यक संबुद्धालाही पाठीला ऊन बरे वाटत होते, अंग चेपून घ्यावेसे वाटत होते. मला हे चित्र फार जवळचे वाटते. वृद्ध नकुलपित्यालाही त्यांनी हेच सांगितले होते की शरीर आजारी असले तरी मन आजारी होऊ देऊ नये. याचा अर्थ गोळी घेऊ नये असा कोणी लावू नये.

आमच्या बँकेत नोव्हेंबर महिना हयातीच्या दाखल्याचा असतो. २०१४ पासून हे काम बोटांच्या ठशावरही होते. खडी फोडलेल्या, धुणी-भांडी केलेल्या, झाडू मारलेल्या हातांचे ठसे यंत्राला सापडत नाहीत. रेषाच झिजलेल्या असतात. मी एक एक बोट पुसून पुन्हा पुन्हा ठेवायला लावते. चाळिशीवरून माझी थट्टा करणाऱ्या त्या आजींचे मागल्या खेपेला नऊ बोटे झाली तरी जमेना. डाव्या करंगळीने शेवटी काम केले. "बघ," आजी म्हणाल्या, "करंगळी कामाची नव्हती म्हणून राहिली." त्या दिवशी दुपारी मी आमच्या आरोग्य केंद्रात गेले. रक्तदाब १४८/९४ निघाला. पुन्हा दोनदा मोजला, तेवढाच. गोळी सुरू झाली. आता रोज सकाळी ती घेताना मला आईची आठवण येते.

आपल्या विहारात दर वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन होते आणि शंभर-सव्वाशे उपासक-उपासिका जमतात. कार्यकारिणीच्या परवानगीने गेल्या आषाढी पौर्णिमेपासून वाचनालयाच्या कपाटात रक्तदाब मोजण्याचे एक यंत्र, वजनकाटा, मोजपट्टी आणि एक वही ठेवली आहे. रविवारी वंदनेनंतर अर्धा तास आमच्या दोघी-तिघी परिचारिका भगिनी तेथे बसतात. चहा किंवा तंबाखू घेऊन लगेच येऊ नये, पाच मिनिटे शांत बसावे आणि मग हात पुढे करावा. वहीत नाव, वय, तारीख आणि आकडा लिहिला जातो. आकडा जास्त आला तर पुढील रविवारी पुन्हा मोजतात आणि आरोग्य केंद्राची चिठ्ठी देतात. वहीच्या पहिल्या पानावर माझे नाव आहे. त्यापुढील आकडा आता १३२/८४ आहे. पुरुष मंडळींची नावे अद्याप कमी आहेत. कपाटाची किल्ली ग्रंथपालांकडे असते, आणि ते रविवारी नऊच्या आत येतात.